ख्वाजा महमूद गवान : चार तर्फांच्या आठ तर्फा करणारा वजीर

विद्यार्थिमित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकांतील विभाग, जिल्हे आणि तालुके यांच्या याद्या पाठ करतांना तुम्हांपैकीं पुष्कळांस कंटाळा येत असेल. आपल्या छत्रपती संभाजीनगर विभागांत आठ जिल्हे आहेत, हें तुम्ही चटकन सांगतां. परंतु मुलखाचे असे विभाग कां पाडावे लागतात, त्यांच्या सीमा कोण व कशासाठीं आंखतो, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. नकाशावरील रेघ आपणांस निर्जीव वाटते. वास्तविक पाहतां त्या रेघेवर रयतेचा सारा, शिपायाचा पगार, किल्ल्याची किल्ली आणि कित्येकदां राज्याचें आयुष्यहि अवलंबून असतें. सुमारें साडेपांचशें वर्षांपूर्वीं आपला हा मुलूख ज्या राज्यांत मोडत होता, त्या राज्याच्या प्रांतांच्या सीमा एका वृद्ध वजिरानें नव्यानें आंखल्या, आणि त्या कामापायीं त्यास आपला प्राण द्यावा लागला. त्या थोर पुरुषाचें नांव ख्वाजा महमूद गवान. त्याचें चरित्र थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम त्या राज्याची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्या शहरापासून सुमारें पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा प्रचंड किल्ला उभा आहे. महंमद तुघलकानें त्यास दौलताबाद हें नांव दिलें. पुढें दिल्लीच्या सत्तेविरुद्ध दख्खनच्या अमीरांनीं बंड केलें, आणि इ. स. १३४७ मध्यें याच दौलताबादेंत अलाउद्दीन हसन बहामनशहा हा स्वतंत्र सुलतान म्हणून गादीवर बसला. त्यानें राजधानी गुलबर्ग्यास नेली. पंधराव्या शतकांत ती बीदरास गेली. हें बहामनी राज्य होय.

पहिल्या दोन सुलतानांच्या काळांत राज्याचे चार प्रांत ठरले. त्यांस तर्फ म्हणत. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगणाच्या मुलखासह बीदर, अशा त्या चार तर्फा होत्या. प्रत्येकीवर एक तर्फदार असे. दौलताबादच्या तर्फदारास मसनद-इ-आली असा किताब होता. जुन्नर, चौल, बीड, पैठण हीं ठिकाणें त्याच्याच अमलाखालीं येत. म्हणजे गोदावरीच्या कांठापासून सह्याद्री ओलांडून थेट समुद्रापर्यंतचा मुलूख एका माणसाच्या हातीं असे. तर्फेच्या खालीं सरकार, सरकाराच्या खालीं परगणा आणि परगण्याच्या खालीं गांव अशी उतरंड होती. परगण्यांत देशमुख व देशपांडे आणि गांवांत पाटील व कुलकर्णी हे वतनदार वसुलाचें काम पाहत. सुलतान बदलला, तर्फदार बदलला, तरी हे बहुधा आपल्या जागीं राहत. जुन्या जमिनींच्या कागदांतून 'मौजे अमुक, तर्फ तमुक, परगणे अमुक' अशी ओळ आढळते. ती या जुन्या व्यवस्थेचीच खूण आहे.

तर्फदाराची सत्ता मोठी होती. आपल्या प्रांतांतील वसूल तो गोळा करी, फौज बाळगी आणि सर्व किल्ल्यांवर आपलेच किल्लेदार नेमी. राज्य लहान होतें तोंवर हें चाललें. परंतु राज्य जसजसें वाढूं लागलें, तसतसा एकेक तर्फदार सुलतानाच्या तोडीचा होऊं लागला. राजधानी दूर, किल्ले आपल्या हातीं आणि शिपाई आपल्या पगारावर, अशी स्थिति असल्यावर आज्ञा पाळणें किंवा न पाळणें हें त्याच्या मर्जीवर राही. या दुखण्यावर औषध करण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें, तो दख्खनी नव्हता. तो हजारों कोसांवरून आलेला एक व्यापारी होता.

महमूद गवानाचा जन्म इ. स. १४११ च्या सुमारास इराणच्या उत्तरेस कास्पियन समुद्राच्या कांठीं असलेल्या गीलान प्रांतांत झाला. त्याचें घराणें वजिरीचें होतें; पण दरबारांतील वैरामुळें त्यास स्वदेश सोडावा लागला. त्यानें व्यापार पत्करला, देशोदेशीं प्रवास केला आणि जेथें जेथें तो गेला तेथील विद्वानांशीं स्नेह जोडला. इ. स. १४५३ च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो समुद्रमार्गें कोंकणांतील दाभोळ बंदरास उतरला आणि तेथून बीदरास आला. तेथील साधुपुरुषाचें दर्शन घ्यावें व पुढें जावें, असा त्याचा बेत होता. परंतु सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद यानें त्याची योग्यता ओळखून त्यास आपल्या पदरीं ठेवून घेतलें. अशा रीतीनें पाहुणा म्हणून आलेला हा मनुष्य अखेरपर्यंत येथलाच झाला.

पुढील सुलतान हुमायून याच्या कारकीर्दींत त्यास मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब मिळाला. इ. स. १४६१ मध्यें हुमायून मरण पावला आणि आठ वर्षांचा निजामशहा गादीवर आला. राजमाता मखदूमा-इ-जहान नर्गिस बेगम, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान अशा तिघांनीं राज्याचा भार उचलला. मूल गादीवर पाहून माळव्याच्या सुलतानानें स्वारी केली आणि बीदर शहर घेतलें. त्या कठीण प्रसंगीं गवानानें गुजराथच्या महमूद बेगड्याची मदत मिळविली आणि शत्रूस माघार घ्यावयास लावली. इ. स. १४६३ मध्यें बालसुलतान वारला व त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमदशहा गादीवर बसला. कांहीं वर्षांतच राज्याची मुख्य वजिरी गवानाच्या हातीं आली. ती त्यानें मरेपर्यंत सांभाळली.

त्याच्या वजिरींत राज्याच्या सीमा फार दूरवर गेल्या. सह्याद्रीच्या दाट रानांत बहामनी फौजांचा पूर्वीं मोठा नाश झाला होता. गवानानें घाई केली नाहीं. इ. स. १४६९ पासून सुमारें तीन वर्षें तो त्या डोंगराळ मुलखांत धीरानें झुंजत राहिला. त्यानें खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, व संगमेश्वर हीं ठिकाणें घेतलीं आणि इ. स. १४७२ च्या फेब्रुवारींत गोवें बंदर हस्तगत केलें. दुसऱ्या बाजूस राजमहेंद्रीपर्यंत बहामनी अंमल बसला. आतां राज्य पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत पसरलें. याच सुमारास अफानासी निकितीन नांवाचा एक रशियन ख्रिस्ती व्यापारी बीदरास आला होता. त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत येथील अमीरांचें अपार वैभव आणि खेड्यापाड्यांतील लोकांचें दैन्य हीं दोन्ही नमूद केलीं आहेत. परक्या प्रवाशाच्या डोळ्यांस जी विषमता दिसली, ती वजिराच्या नजरेंतून सुटली असेल असें वाटत नाहीं. कारण यानंतर त्यानें तरवार म्यान करून राज्याची घडी नीट बसविण्याचें काम हातीं घेतलें.

हें काम चार प्रकारचें होतें, आणि तें समजून घेण्याजोगें आहे.

पहिलें काम सीमांचें. चार तर्फांच्या त्यानें आठ तर्फा केल्या. वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर. गुलबर्ग्याचे गुलबर्गा व बीजापूर. आणि तेलंगणाचे वरंगळ व राजमहेंद्री. आपल्याकडील उदाहरण घेतलें, तर गोदावरीकांठचें पठार एका अमलाखालीं राहिलें आणि नाणेघाटाजवळचें जुन्नर हें दुसऱ्या प्रांताचें ठाणें झालें. जो तर्फदार पूर्वीं पठारावरून समुद्रापर्यंत हुकूम चालवीत होता, त्याची सत्ता या एका रेघेनें दुभंगली. शिवाय प्रत्येक तर्फेंतील कांहीं परगणे काढून घेऊन ते खालसा केले, म्हणजे त्यांचा वसूल थेट सुलतानाच्या खजिन्यांत येऊं लागला.

दुसरें काम किल्ल्यांचें. यापुढें तर्फदाराच्या ताब्यांत एकच किल्ला राहावा, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानानें नेमलेले किल्लेदार असावेत आणि त्यांनीं सुलतानासच जबाब द्यावा, असा नियम झाला. दख्खनसारख्या डोंगरी मुलखांत ज्याचा किल्ला त्याचा मुलूख, हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून या नियमाची बोच अमीरांस सर्वांत अधिक लागली.

तिसरें काम फौजेच्या हिशेबाचें. पांचशें स्वार बाळगणाऱ्या सरदारास पूर्वीं वर्षास एक लाख होन मिळत; ती रक्कम गवानानें सव्वा लाख केली, आणि हजार स्वारांस अडीच लाख ठरविली. जहागिरीचें उत्पन्न या रकमेहून कमी भरलें, तर तूट खजिन्यांतून भरून मिळे. परंतु हजेरीच्या वेळीं एक जरी स्वार कमी आढळला, तरी त्याच्या वांट्याचा पैसा कापून घेण्यांत येई. नेमणूक वाढविली खरी, पण खोटी हजेरी बंद केली. प्रामाणिक सरदाराचा यांत लाभ होता. कागदावर फौज ठेवणाऱ्याचा मात्र तोटा होता.

चौथें काम जमिनीचें. शेतांची मोजणी करावी, गांवांच्या व कसब्यांच्या शिवा कायम कराव्या आणि जमीन पाहून सारा ठरवावा, असे हुकूम त्यानें काढले. शीव कायम असली म्हणजे दोन गांवांचें भांडण मिटतें, आणि सारा ठरलेला असला म्हणजे वसुली करणाऱ्यास मन मानेल तसें मागतां येत नाहीं. मोठमोठ्या लढायांचीं वर्णनें बखरींत येतात. शिवेच्या दगडाचें वर्णन कोणी करीत नाहीं. तथापि शेतकऱ्यास लढाईपेक्षां तो दगडच अधिक उपयोगाचा असतो.

या नेमणुका करतांना एक गोष्ट गवानानें कटाक्षानें पाळली. बहामनी दरबारांत दख्खनी आणि आफाकी, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले परदेशी, असे दोन तट होते. त्यांच्या वैरापायीं पूर्वीं शेंकडों माणसें मारलीं गेलीं होतीं. गवान स्वतः परदेशी असूनहि त्यानें आपल्याच लोकांचें घर भरलें नाहीं. गाविल फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क या दख्खनी सरदारास, माहूर खुदावंतखान हबशी यास आणि राजमहेंद्री मलिक हसन निजाम-उल्-मुल्क यास मिळाली. आपल्या दौलताबादची तर्फ युसुफ आदिलखान या परदेशी सरदाराकडे गेली. बीजापूर मात्र गवानानें स्वतःकडे ठेविलें. मुख्य वजिरानें एखादी तर्फहि आपल्या हातीं ठेवावी, हें विरोधकांच्या टीकेस जागा देणारें होतें, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे.

असा हा कारभारी विद्येचाहि मोठा भोक्ता होता. इ. स. १४७२ मध्यें बीदर येथें त्यानें तीन मजली मदरसा बांधून पुरा केला. त्यांतील ग्रंथालयांत तीन हजार ग्रंथ होते, असें सांगतात. विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय तेथेंच असे. दूरदूरच्या पंडितांस त्यानें आमंत्रणें पाठविलीं; इराणचा कवि जामी आणि तुर्कस्तानचा सुलतान दुसरा महंमद यांच्याशीं त्याचा पत्रव्यवहार होता. त्याच्या पत्रांचा संग्रह आजहि उपलब्ध आहे. इ. स. १६९६ मध्यें झालेल्या एका स्फोटानें मदरशाचा बराच भाग कोसळला. तरी उरलेला भाग, एक मनोरा आणि त्यावरील रंगीत फरशा पाहून मूळच्या शोभेची कल्पना येते. शाळा ही राज्याच्या बंदोबस्ताचाच एक भाग आहे, हें त्या काळींहि या पुरुषानें ओळखलें होतें.

नव्या व्यवस्थेनें ज्यांचें नुकसान झालें, ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांत मलिक हसन हा प्रमुख होता. तेलंगणाचा सारा प्रांत आपणांस मिळावा अशी त्याची उमेद. पण वरंगळची तर्फ दुसऱ्यास दिली गेली. हा मलिक हसन मूळचा ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज आपल्या मराठवाड्यांतील पाथरीचे कुलकर्णी होते, अशी परंपरा आहे. त्याच्या तटाच्या लोकांनीं गवानाची मुद्रा सांभाळणाऱ्या गुलामास वश केलें आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मुद्रा उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजास उद्देशून मजकूर लिहिला कीं, सुलतान व्यसनी झाला आहे, प्रजा त्रासली आहे, आपण चाल करून यावें. तें पत्र योग्य वेळ साधून सुलतानाच्या हातीं देण्यांत आलें.

पवित्र शास्त्रांतील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. ईजबेल राणीनें अहाब राजाच्या मुद्रेनें पत्रें धाडलीं आणि एका निरपराध माणसाचा प्राण घेतला. त्याच जातीचें हें पाप होय. खरी मुद्रा आणि खोटा मजकूर यांच्यापुढें साधें सत्य किती दुबळें ठरतें, हें दोन्ही ठिकाणीं दिसून येतें.

इ. स. १४८१ च्या एप्रिल महिन्यांत सुलतानाची छावणी आंध्रांतील कोंडपल्ली येथें होती. तेथें गवानास तांतडीनें बोलावणें आलें. दगा आहे असें मित्रांनीं सुचविलें, गुजराथेंत निघून जाण्याचीहि सोय होती. परंतु ज्या घराण्याची जन्मभर सेवा केली त्यापासून पळून जाणें त्यास लाजिरवाणें वाटलें. सत्तरीचा तो वृद्ध शांतपणें सुलतानापुढें उभा राहिला. पत्र दाखविल्यावर त्यानें मुद्रा आपली असल्याचें मान्य केलें आणि मजकूर आपला नसल्याचें शपथेवर सांगितलें. मद्याच्या अमलांत असलेल्या तरुण सुलतानानें चौकशी केली नाहीं. त्यानें एका हबशी गुलामास इशारा केला, आणि पांच एप्रिल रोजीं गवानाचा शिरच्छेद झाला. वास्तविक युद्धें, वसूल, नेमणुका, सर्वांची पारख पुराव्यावर करावी असें त्यानें राज्यास शिकविलें होतें. त्याच्या स्वतःच्या वेळीं मात्र पुरावा कोणी तपासला नाहीं.

त्याच्या घरीं मोठें द्रव्य सांपडेल अशा आशेनें झडती घेण्यांत आली. हिशेबनीसाच्या वह्यांवरून उघड झालें कीं, जहागिरीचें उत्पन्न फौज व सरकारी काम यांवर खर्च होई. मूळच्या व्यापाराच्या भांडवलांतून जो नफा येई, त्यांतून तो आपला अल्प चरितार्थ चालवी व उरलेला दानधर्म करी. घरांत मातीचीं भांडीं आणि निजावयास चटई आढळली, असें इतिहासकार सांगतात. सुलतानास सत्य कळलें, पण उशिरा. पश्चात्तापानें झुरत तो एका वर्षाच्या आंतच, इ. स. १४८२ च्या मार्चमध्यें, मरण पावला.

पुढें काय झालें तें दख्खनच्या इतिहासाचें मोठें पान आहे. तर्फा आठ राहिल्या, परंतु त्यांस बांधणारा दोरा तुटला. मलिक हसनाचाहि थोड्याच वर्षांत खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें जुन्नर येथें इ. स. १४९० मध्यें स्वातंत्र्य पुकारलें. बीजापुरांत युसुफ आदिलखान आणि वऱ्हाडांत फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यांनींहि तेंच केलें. मागाहून गोवळकोंड्यास कुतुबशाही उभी राहिली, आणि बीदरांत बरीद घराण्यानें सत्ता बळकावली. एका राज्याचीं पांच राज्यें झालीं. मलिक अहमदानें इ. स. १४९४ मध्यें अहमदनगर वसविलें व इ. स. १४९९ मध्यें दौलताबाद घेतलें. म्हणजे गवानानें अलग केलेले जुन्नर व दौलताबाद हे दोन भाग निजामशाहींत पुन्हां एकत्र आले. याच निजामशाहीचा पुढील थोर वजीर मलिक अंबर यानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली. इ. स. १६५३ पासून तिला औरंगाबाद म्हणूं लागले आणि इ. स. २०२३ मध्यें सरकारनें तिचें छत्रपती संभाजीनगर असें नामांतर केलें. तेव्हां गवानाच्या कथेचा धागा आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो.

कित्येकांस असें वाटेल कीं, प्रांतांचे तुकडे पाडल्यामुळेंच राज्य मोडलें. नीट विचार केला तर तसें दिसत नाहीं. गवानानें प्रांत लहान केले ते मध्यवर्ती सत्ता बळकट व्हावी म्हणून. परंतु सीमा आंखणें हें अर्धेंच काम असतें. किल्ल्यावर कोण नेमावा, हजेरी कोणी घ्यावी, तक्रार कोणी ऐकावी, हें न्यायानें ठरविणारा कोणी मध्यभागीं असला, तरच त्या सीमा राज्याच्या उपयोगीं पडतात. तो नाहींसा झाला, आणि ज्या रेघांनीं राज्य सांधावयाचें त्याच रेघांवर तें फुटलें.

मुलांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां तलाठी होईल, कोणी तहसीलदार, कोणी जिल्हाधिकारी. शेताचा नकाशा, गांवची शीव, हजेरीचा पट आणि कचेरीचा शिक्का तुमच्या हातीं येईल. एका शिक्क्यानें एका निरपराध माणसाचा जीव घेतला आणि एका राज्याचा अंत केला, हें त्या वेळीं विसरूं नका. पालकांसहि एवढीच विनंती आहे कीं, दौलताबादचा किल्ला मुलांस दाखवावयास न्याल, तेव्हां तोफा आणि खंदक यांबरोबर त्या तर्फेची आणि तिच्या सीमा आंखणाऱ्या वृद्ध वजिराची गोष्टहि त्यांस सांगा.